घरावर नाव कोणाचे?



'नाव' या दोन अक्षरांकडून मराठी माणसाने जितकी कामे करून घेतली तितकी दुसऱ्या शब्दाकडून क्वचितच घेतली असतील. आपण मुलाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. शेत नावावर करून घेतो, भांड्यावर नाव घालतो, लेक नाव काढील म्हणून वाट पाहतो आणि तिने मनाविरुद्ध केले की तिचे नाव टाकतो. बायका उखाण्यात नाव घेतात. वारकरीही नाव घेतो, पण ते घेताना आपण त्याला नाम म्हणतो. बाकी सगळीकडे नावाला काहीतरी चिकटलेले असते, घर असेल, शेत असेल, मोठेपण असेल. नाम घेतले की ही चिकट सुटते, असे आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षे सांगत आलो. मग वस्तूवर कोणाचे नाव घालावे असे कोणी विचारले तर उत्तर एका वाक्यात देता यावे. मला ते देता आले नाही. प्रश्न होता एका चामड्याच्या घराचा.

घर म्हणजे चष्म्याचे घर. आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांनी यंदा गुडघ्यांपुढे हात टेकले आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दिंडीने त्यांना काही द्यावे असे ठरले. शाली आणि नारळ त्यांना आयुष्यात इतके मिळाले आहेत की त्यांचे दुकान निघेल. तेव्हा दिंडीतला एक तरुण टाळकरी म्हणाला, "तात्यांच्या चष्म्याला मी हाताने घर करतो. काठाला वादीची गुंफण घालतो आणि वर त्यांची आद्याक्षरे नक्षीत काढतो." हा मुलगा शहरात नोकरी करतो. त्याचे आजोबा चर्मकार होते. त्यांची रापी, आरी आणि लाकडी मोगरी त्याने जपून ठेवली आहे आणि सुटीच्या दिवशी त्या हत्यारांवर तो हात बसवत असतो.

कल्पना चांगली होती, म्हणून लगेच वाद झाला. एक जण म्हणाला, चष्मा पोथीशेजारी ठेवायचा, तिथे कातडे कशाला? दुसरा म्हणाला, माणसाची अक्षरे काढण्यापेक्षा 'विठ्ठल' काढ. तिसरा म्हणाला, खर्च दिंडीचा आहे, दिंडीचे नाव आणि खाली 'सप्रेम भेट' एवढे तरी आले पाहिजे. मुलगा माझ्याकडे आला. जुना कीर्तनकार दिसला की लोक जुन्या शंका घेऊन येतात.

पहिली शंका कातड्याच्या विटाळाची. तिला फार वेळ देण्याचे कारण नाही. ज्याच्या थापेशिवाय आपले भजन उभे राहत नाही तो मृदंग कशाचा आहे? दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या, पुड्यांभोवती कातड्याचाच गुंफलेला गजरा, आणि या गजऱ्यातून त्या गजऱ्यात ताणलेली कातड्याची वादी. लाकडी गट्टे त्या वादीखाली ठोकून आपण सूर चढवतो. हा मृदंग देवासमोर वाजतो, पोथीच्या शेजारी ठेवला जातो आणि वाजवणारा त्याला आधी हात लावून नमस्कार करतो. रोहिदासांची कथा महिपतींनी 'भक्तविजया'त गायिली आहे. ती सांगताना आम्ही श्रोत्यांना विचारतो की दूध ज्या कासेतून येते तिच्यावर काय असते, आणि सोवळे नेसलेल्या देहावर काय असते? श्रोते हसतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन चष्म्याच्या घरावर वाद घालतात. असो.

पण याच शंकेच्या पोटात दुसरी एक शंका आहे आणि ती वजनाची आहे. गळ्यात माळ असणाऱ्याने हे कातडे कोठून आले हे विचारावे की नाही? विचारावे. पूर्वी गावात मेलेल्या जनावराचे कातडे कमावले जाई. आता बाजारात आलेल्या तुकड्याची तशी ग्वाही देता येत नाही. मी मुलाला विचारले. तो म्हणाला, आजोबांच्या वेळचा म्हशीच्या कातड्याचा तुकडा घरात गुंडाळून ठेवलेला आहे, त्यातूनच करीन, नवे विकत घेणार नाही. मला ते पटले. ज्याला तेवढ्यानेही पटणार नाही त्याच्याशी मी भांडत नाही, मात्र त्याने मृदंगाचाही विचार करावा.

आता करणी सांगतो. मी तीन रविवार त्याच्या शेजारी बसून ती पाहिली आहे. वृद्धापकाळात दुसऱ्याचे काम पाहत बसण्यासारखे सुख नाही.

ते कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले होते. कोल्हापूरकडच्या चपलांचे असते तसे, तांबूस आणि वासाचे. असे कातडे पाणी पिते आणि त्यावर दाबलेली खूण धरून ठेवते. क्रोमने कमावलेले हाताला मऊ लागते, पण त्यावर उमटवलेले टिकत नाही. प्रथम जाड कागदाचा खाका केला. त्यात चष्म्याची लांबी-रुंदी घेऊन भागत नाही, त्याची जाडीही धरावी लागते. नाहीतर घर दिसते सुरेख आणि मालक आत मावत नाही. मग पुढचा भाग आणि झाकणासकट मागचा भाग असे दोन तुकडे रापीने कापले.

मला वाटत होते की अक्षरे शेवटी निघतील, घर बांधून झाल्यावर पाटी लावतात तशी. तसे नसते. अक्षरे सगळ्यांत आधी. कातडे सपाट आणि मोकळे आहे तोवरच त्यावर काम होते. एकदा दोन भाग गुंफले की खाली टेकू राहत नाही. फडके ओले करून कातड्यावरून फिरवायचे आणि थांबायचे. पाणी आत मुरून वरचा रंग परतू लागला, पण बोटाला गारवा लागतो आहे, ही वेळ. त्याआधी कापले तर कड लिबलिबीत होते, नंतर कापले तर रापी अडते. कागदावरचे अक्षर बोथट टोकाने कातड्यावर उमटवायचे आणि मग रेषेरेषेने काप द्यायचा. काप आरपार जाऊ द्यायचा नाही, जाडीच्या निम्म्याच्या आत राहिला पाहिजे. कातड्यावर खोडरबर चालत नाही. एकदा दिलेला काप मिटत नाही.

तात्यांच्या नावाचे पहिले अक्षर 'ध'. मुलाने कागदावर शिरोरेषेला दोन्हीकडे वेल काढून ती सुंदर वाढवली होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. 'ध'ची शिरोरेषा सुरुवातीला मोडलेली असते, तिथे वेल जोडला गेल्याने अक्षराचा 'घ' झाला होता. मुलगा हसला, म्हणाला, "घराचा घ आहे, महाराज." पण त्याने तो कागद टाकला आणि वेल दुसरीकडून काढला. शोभेच्या भरात नावच बदलते, हे सभामंडपात मी अनेकांचे पाहिले आहे. कातड्यावर पहिल्यांदाच पाहत होतो.

मग आली ती गोष्ट जिच्यामुळे हा लेख लिहावा लागला. काप दिल्यावर अक्षर वर कसे येते? मला वाटले खालून ठोकून उचलत असतील. मुलाने एक बोथट लोखंडी ठसा घेतला आणि अक्षराच्या बाहेरच्या कडेने मोगरीने ठोकत गेला. अक्षराला त्याने हातही लावला नाही. भोवतालची जमीन तेवढी दबत गेली आणि जे दाबले नाही ते उंच दिसू लागले. मी विचारले, "म्हणजे अक्षर आहे तेवढ्याच उंचीचे आहे?" तो म्हणाला, "हो. आजूबाजूचे खाली गेले म्हणून ते वर वाटते."

मी त्या रविवारी घरी आलो तो हेच घोकत. पन्नास वर्षे व्यासपीठावर उभा राहून मी मोठी नावे घेतली आहेत. त्यातली किती स्वतः उंच होती आणि किती भोवतालचे दाबल्यामुळे उंच दिसत होती? याचा हिशेब मी मांडत नाही. पण नाव घालण्याच्या प्रश्नात हा ठसा आणि ही मोगरी विसरून चालणार नाही.

आता त्या तिघांकडे वळू. दिंडीचे नाव घालावे म्हणणाऱ्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. लग्नात आलेल्या ताटा-तांब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते, कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला. देणाऱ्याने वस्तू दिली, पण पूर्ण सोडली नाही. पन्नास वर्षांनी आमटी वाढतानाही मामांचे नाव पळीखाली दिसते. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवलेले असते. पंखा वारा देऊ लागला की ते दिसेनासे होते आणि वीज गेली की पुन्हा वाचता येते. देवाने दात्यांसाठी केलेली ही व्यवस्था मला फार आवडते. पंढरीच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात ज्यांनी देवळाला दाने दिली त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. रामचंद्रदेव यादव आणि त्यांचा पंडित हेमाद्रीही त्यात आहेत. पुढे भाविकांनी मानले की या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या नावांवर पाठी घासल्या. त्याच देवळाच्या महाद्वारात नामदेवरायांनी पायरी होणे पसंत केले. तिच्यावर पाय पडू नये म्हणून आज माणसे जपून चालतात.

'विठ्ठल' काढ म्हणणाऱ्याला मी मनापासून हात जोडतो. तरी त्याचे म्हणणे मला मानवले नाही. नामाला विटाळ होईल अशी भीती मला नाही. ते ज्या तोंडाने घेतो त्याहून कातडे काही ओंगळ नसते. माझी अडचण वेगळी. घर खिशात जाईल, उशाखाली जाईल, नातवंडे फेकाफेकी करतील, आणि तात्यांसारखा माणूस चष्मा काढायचा सोडून घर कपाळाला लावत बसेल. शेवटी ते कपाटात ठेवतील आणि चष्मा पुन्हा सदऱ्याच्या खिशात किल्ल्यांशेजारी जाईल. नाम काढायचे होते तर ते करताना घ्यावे. गोरोबांनी चिखल तुडवताना घेतले, सावतोबांनी मळा खुरपताना घेतले, आणि मडक्यावर किंवा भाजीवर देवाचे नाव लिहिल्याची कथा मी ऐकलेली नाही. मुलाने मध्येच एक युक्ती काढली होती, काठाला नेमकी १०८ भोके पाडतो म्हणाला. मी म्हटले, "बाळा, भोके काठाच्या मापाने पाडायची, माळेच्या हिशेबाने पाडलीस तर कड फाटेल." त्याने कर्कटकाने अंतर धरून मोजले. जेवढी भोके निघाली तेवढी निघाली.

मग उरले मालकाचे नाव. त्याला माझी हरकत नव्हती. वारीत एकसारख्या पिशव्या, एकसारखे लोटे, एकसारखे चष्मे असतात. त्यावरची अक्षरे 'हे माझे' असे ओरडत नाहीत, 'सापडले तर त्याला द्या' एवढेच सांगतात. हे नाव दुसऱ्याच्या सोयीसाठी आहे.

पण हा निर्णय देऊन मी मोकळा होणार तोच मुलाने विचारले, "आणि करणाऱ्याचे?"

त्याला मी आधी शास्त्रातले उत्तर दिले. नाम आणि रूप या उपाधी आहेत. हा देह तरी काय, नऊ दारांचे कातड्याचे घरच. बाराव्या दिवशी त्यावर नाव घातले आणि आत राहणारा तेच स्वतःचे समजू लागला. तेव्हा करणाऱ्याने नाव घालू नये, कर्म ईश्वराला अर्पण करावे. उत्तर बरोबर आहे. तो मुकाट्याने ऐकून घेत होता. पण मालकाची अक्षरे घालायला परवानगी देताना मला उपाधी आठवली नव्हती आणि करणाऱ्याची वेळ आल्यावर वेदान्त आठवला, हे त्याच्या डोळ्यांत मला दिसत होते.

म्हणून संतांकडे जाऊ. अभंगाच्या शेवटच्या चरणात करणाऱ्याचे नाव येते, त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. अहंकार टाका असे सांगणाऱ्यांनीच ही नावे घातली आहेत. मात्र ती कशी घातली ते पाहावे. ज्ञानोबारायांच्या कितीतरी अभंगांच्या शेवटी त्यांचे स्वतःचे नावच नाही, 'बापरखुमादेवीवर' म्हणून देवाचे आहे. नाथमहाराजांनी आपले नाव गुरूच्या नावाला असे बांधले की 'एका जनार्दनी' यातून एक सोडवून काढता येत नाही. जनाबाई 'नामयाची जनी' म्हणवून घेते. तुकोबाराय सरळ 'तुका म्हणे' म्हणतात, कारण जे म्हटले त्याचा जाब द्यायला ते उभे आहेत. आणि 'चोखा म्हणे', 'सेना म्हणे', 'सावता म्हणे'? ज्यांची नावे कोणत्या दानपत्रावर आली नसती, ज्यांना गाव जातीने हाक मारीत होता, त्यांनी आपले नाव अभंगात घातले आणि शेकडो वर्षे उंच आसनावरच्या कीर्तनकारालाही ते तोंडाने घ्यायला लावले. चरण पुरा करायचा तर चोख्याचे नाव उच्चारावेच लागते, गाळले तर वृत्त मोडते.

लिहिणाऱ्या हाताचीही गोष्ट आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. ग्रंथाच्या शेवटी ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे, आणि ते आदराने आले आहे. तुकोबांच्या अभंगांचे लेखक म्हणून संताजी जगनाडे यांचे नाव संप्रदाय आजही घेतो. म्हणजे ज्याच्या हातून वस्तू झाली त्याचे नाव घेणे ही आपली जुनी रीत आहे. नाव घालण्यात दोन भाव असतात. एक म्हणतो, हे माझे आहे. दुसरा म्हणतो, हे मी केले, काही उणे असेल तर मला विचारा. दुसऱ्याला अहंकार म्हणणे अन्याय आहे. काम बिघडले की करणाऱ्याचे नाव शोधून काढणारे आपणच, आणि काम साधले की सगळे ईश्वरार्पण कर म्हणणारेही आपणच.

याच ओघात मी त्याला चोखोबांच्या अस्थींची कथा सांगितली. ती त्याला माहीत होती, वारकऱ्याच्या घरात कोणाला माहीत नसते? मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. ते साल १३३८ मानतात. नामदेवराय अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात हाडे अनेकांची, ओळखायची कशी? ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोख्याच्या. त्या पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. कीर्तनात इथे मृदंग थांबतो आणि मंडपात हुंदका ऐकू येतो.

मुलगा वादी ओढत होता. मान खालीच ठेवून म्हणाला, "आणि बाकीच्यांची हाडे?"

मी गप्प राहिलो. इतक्या मंडपांत ही कथा सांगितली, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. भिंत चोखोबांनी एकट्यांनी बांधली नव्हती. बाकीचे नाम घेत नव्हते असेही कोणी सांगितलेले नाही. त्यांच्यासाठी कोणी कान लावला नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

मग त्याने आजोबांचे सांगितले. माउलींची पालखी आली की ते मुक्कामावर रस्त्याच्या कडेला पोते टाकून बसत आणि दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत. अंगठा तुटलेला, टाच उघडलेली, तळाला खिळा वर आलेला. दिवसभर मान वर करीत नसत. लोक शिवलेली चपल घालून 'माउली' म्हणत आणि पुढे जात. त्यांचे नाव कोणी विचारले नाही. ज्यांना हाक मारायची वेळ आली त्यांनी जातीने मारली. आजोबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. नातवाची आहे, आणि ती असावी.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे त्यात आले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीने त्याच घाटाची चपल मिरवली, कोल्हापूरचे नाव न घेता. इकडे ओरड झाली तेव्हा कुठे प्रेरणा भारतातली असल्याचे त्यांनी मान्य केले. आपण सगळे रागावलो, ते योग्यच होते. पण आपल्या पायातल्या चपलेचा अंगठा कोणी ओवला हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गावाच्या नावासाठी आपण भांडलो. माणसाचे नाव आपणही विचारलेले नाही.

माझे मत मी मुलाला सांगितले. करणाऱ्याचे नाव घालावे, आणि ते कसे घालावे हे करणाऱ्याने ठरवावे. त्याने जे ठरवले ते असे. बाहेर झाकणावर तात्यांची अक्षरे, उचलून आलेली, वेलीसकट. आत, मागच्या भागावर, जिथे चष्मा टेकतो तिथे दोन लहान अक्षरे नुसत्या कापाने खोल कोरलेली, भोवतालचे काहीही न दाबता. ही अक्षरे त्याची स्वतःची नाहीत, आजोबांची आहेत. "कातडे त्यांचे, रापी त्यांची, हात बसला तो त्यांचे पाहून," असे तो म्हणाला. त्याने एक गोष्ट आणखी सांगितली. उठावाचे अक्षर आधी घासते, कारण हात तिथेच फिरतो. खोल गेलेले उशिरा जाते.

गुंफण मात्र त्याने माझ्यासमोर पुरी केली. वादी त्याने कातड्याच्या गोल तुकड्यातून भोवऱ्यासारखी फिरत कापली. तळहाताएवढ्या तुकड्यातून काही हात वादी निघते, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. साध्या गुंफणीला काठाच्या तिपटीहून थोडी जास्त वादी लागते. त्याने दुहेरी गाठीची गुंफण धरली होती, तिला सहा-सात पट खाते. दोन्ही भागांची भोके संख्येने सारखी असावी लागतात. पुढे एक जास्त झाले की शेवटी कड चुरगळते. कोपऱ्याला आले की एकाच भोकातून दोन-तीनदा फिरायचे, नाहीतर तिथे फट राहते. वादी संपली तर नवीचे टोक रापीने छिलून पातळ करायचे आणि जुन्याच्या छिललेल्या टोकावर चिकटवायचे, जोड बोटाला लागता कामा नये. ताण सगळीकडे सारखा. शेवटचे टोक दोन थरांच्या मध्ये दडवायचे आणि मोगरीने काठ हलकेच ठोकून बसवायचा. सगळे झाल्यावर मी काठ फिरवून पाहिला, सुरुवात कोठे आणि शेवट कोठे ते मला सापडले नाही.

एकादशीला ते घर तात्यांना दिले. त्यांनी वरच्या अक्षरांवरून बोट फिरवले, चष्मा आत घातला, पुन्हा काढला. आतली अक्षरे बारीक आहेत. घरात चष्मा असला की ती झाकली जातात आणि घर रिकामे असले तरी चष्मा नाकावर असल्याखेरीज तात्यांना ती दिसत नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि विचारले, "हे कोण?" मुलाने आजोबांचे पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. तात्यांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिले.

आता दिंडीतल्या आणखी चौघांना असे घर हवे आहे. पैकी एक तोच आहे ज्याला पोथीशेजारी कातडे चालत नव्हते. त्याला अक्षरे सोनेरी रंगात हवी आहेत. मुलाने त्याला सांगितले की आजोबांचा तुकडा संपला, आता घ्यायचे तर कातडे कोठून आणायचे ते आधी ठरवू. तो विचार करतो आहे.